सुपातला रणगाडा

बाबांना लकवा मारला तेव्हा ते जेवढ्या वयाचे होते, तेवढ्या वयाचा मी आज झालो आहे. रोज दाढी करताना ओठांची दोन्ही टोकं सारखी वर जातात की नाही हे मी आरशात पाहून घेतो. बायको हसते. हसू दे बापा. तिनं त्या सकाळी चहाचा कप पडताना ऐकला नाही, मी ऐकला आहे. बाबा ओट्याशी उभे होते, आईनं कप हातात दिला, आणि त्यांचा हात तो धरायलाच विसरला. कप फुटला, बाबा त्याच्याकडं पाहत राहिले, आणि "काय झालं?" या आईच्या प्रश्नाला त्यांनी तोंड उघडून जे उत्तर दिलं त्यात एकही शब्द नव्हता.

त्याआधीचा त्यांचा आवाज काय सांगू. बाबा फौजेत रणगाडा चालवायचे. त्या इंजिनाजवळ बसून बसून त्यांचे कान अर्धे गेले होते, आणि ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं तो जगाशी ओरडूनच बोलतो. पेन्शनीवर घरी आल्यावर ते एका बँकेत बंदूकवाले पहारेकरी म्हणून लागले. आम्ही अमरावतीत राजापेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. खाली दुकानं, समोर ट्यूशन क्लास, दिवसभर गाड्यांचे भोंगे. संध्याकाळी बाबा कोपऱ्यावर सायकलवरून उतरले की तिथूनच हाक मारायचे, "सुन्या बे!" ती हाक सगळे भोंगे ओलांडून आमच्या गच्चीपर्यंत यायची. मला तिची लाज वाटायची. क्लासमधल्या पोरी खिडकीतून पाहायच्या आणि मी मनात म्हणायचो, ह्या माणसाला जरा हळू बोलता येत नाही का. आला, हळूपणा आला. असा आला की घरात कूलरच्या पाण्याशिवाय काही ऐकू येईना.

लकव्यानंतर बाबांकडं एकच शब्द उरला होता, "चलो." भूक लागली की चलो, पाणी पाहिजे की चलो, डास चावला की चलो. आई सुरुवातीला त्या एका शब्दावर खूश होती. "एक तं हाये ना, बाकीचेई येतीन," म्हणायची. पण बाकीचे येत नव्हते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, उजवा पाय ओढत ओढत न्हाणीघरापर्यंत जायचे, आणि प्रत्येक गोष्टीला चलो. डोळे मात्र पूर्वीचेच होते. आतला माणूस सगळा शाबूत होता आणि बाहेर यायला दार सापडत नव्हतं. आपल्याला ते दार उघडून देता येत नाही हे पाहत बसणं, याच्याइतकं वाईट मी पुढं काही पाहिलं नाही.

अकोल्याला जठारपेठेत माझ्या मामाचं जनरल स्टोअर होतं. त्याच्या ओळखीनं तिथल्या एका बाईंकडं आम्ही बाबांना न्यायला लागलो. लकव्यानं वाचा गेलेल्यांना त्या बोलायला शिकवायच्या. बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूरला चहा, आणि अकोल्याला उतरलं की मामा रिक्षा घेऊन उभाच. बाई बाबांसमोर चित्रं धरायच्या, आंबा, गाय, घर, आणि बाबा आज्ञाधारकपणे सगळ्यांना चलो म्हणायचे. एकदा बाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "यांना आंब्या-गायीत काही रस नाही. जे काम त्यांनी आयुष्यभर केलं, ते समोर ठेव. त्याबद्दल बोलत राहा. रुळलेले शब्द कधीकधी आधी परत येतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल, सुनील. नंतर फार जड जातं." आईला त्यांनी हे सांगितलं नाही, मला सांगितलं. मी दहावीत जाणार होतो, पण त्या दिवशी जठारपेठेच्या रस्त्यावर मला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं.

मामाला मी तेवढं रणगाड्याचं सांगितलं, महिन्यांचं नाही. तो स्टूलवर चढला आणि वरच्या फळीवरून एक खोका काढला, तुकडे जोडून खेळण्यातला रणगाडा करायचा. उन्हानं फिक्का पडलेला, वर रणगाड्याचं चित्र, उडती वाळू, मागं आग. "हे घे भाच्या. मुंबईहून माल आनला त्यात आलं. इतके दिवस पडून हाये, कोनी घेऊनच नाई राह्यलं. भाऊजीचाच गाडा होय ना हा?" मी चित्र पाहिलं. घरी बाबांचा एक फोटो होता, रणगाड्याच्या झाकणातून छातीपर्यंत वर आलेला. गाड्याचा वरचा गोल टोप, तोफेची लांब नळी, तोच तो, टी-पंचावन्न. परतीच्या गाडीत मी खोका मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बाबा खिडकीबाहेर न पाहता त्या खोक्याकडं पाहत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना कशाकडं तरी असं पाहताना पाहिलं. तिथंच मी ठरवून टाकलं की हा गाडा पुरा झाला की बाबा बोलतील. पोरवयात माणूस असले सौदे देवाशी करतो आणि देवानं सही केली असंही समजून चालतो.

खोका उघडला आणि माझा धीरच सुटला. मला वाटलं होतं, दोनचार तुकडे असतील, खटाखट बसतील. आत प्लास्टिकच्या जाळ्या निघाल्या, आणि जाळीला कैरीच्या देठाला कैऱ्या लटकाव्यात तसे बारीक बारीक भाग लटकलेले. चाकं, कड्या, हँडलं, काही तर इतके लहान की तांदळात पडले तर आईनं शिजवून टाकले असते. सूचनांचा कागद कुठल्या तरी परदेशी लिपीत, नुसती चित्रं आणि बाण. मी पहिला भाग हातानं मोडून काढला तर तो मधूनच तुटला. मग घरातलं नेलकटर घेतलं. ते बरं चाललं. नखं कापतो तसा एकेक भाग कापायचा आणि उरलेलं टोक काड्यापेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचं. गोंदाची नळी खोक्यातच वाळून दगड झाली होती. कागद चिकटवायचा पांढरा गोंद लावला, तर सकाळी सगळी चाकं ताटात निखळून पडलेली. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं, तर सगळीकडं काळे तंतू लोंबायला लागले. आज माझ्या टेबलावर चार तऱ्हेचे गोंद आहेत, चिमटे आहेत, डोळ्याला लावायचं भिंग आहे, आणि अडलं की मोबाइलवर कोणीतरी करून दाखवतो. तेव्हा अख्ख्या राजापेठेत ह्या विषयावर विचारायला एक माणूस नव्हता. एक होता, पण त्याला बोलता येत नव्हतं.

शेवटी गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्या पेंटरकाकांनी सोडवलं. ते प्लास्टिकची अक्षरं कापून एका पातळ औषधानं जोडायचे. त्यांनी एका छोट्या बाटलीत थोडं काढून दिलं. "हुंगजो नोको. खिडकी उघडी ठेवजो. थेंबभर लाव अन् धरून ठेव," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या कामाला लागले. ते औषध लावलं की दोन्ही भाग जरासे विरघळून एकमेकांत शिरायचे. पहिलं चाक पक्कं बसलं तेव्हा मी ते बाबांना ओढून पाहायला दिलं. त्यांनी डाव्या हातानं ओढलं. निघालं नाही. त्यांनी मान हलवली, आणि मला परीक्षेत पहिला आल्यासारखं झालं.

तो उन्हाळा आमच्या घरात असा गेला. समोरच्या खोलीत बाबांचा दिवाण, दिवाणासमोर चौरंग, चौरंगावर माझा गाडा. खिडकीत कूलर, त्याच्या वाळ्याचा वास, पंपाची कुरकुर. आत आई. ती गव्हाचा चीक शिजवायला लागली की खालच्या दुकानापर्यंत आंबूस वास जायचा. बाबांना चावताना त्रास व्हायचा, म्हणून त्यांना कुरडयांच्या चिकातलाच वाटीभर चीक दूध-साखर घालून मिळायचा, आणि मलाही. दुपारी तुरीचं वरण आणि आंब्याचा रस. मी काम करता करता बडबडायचो, बाईंनी सांगितलं होतं तसं. "बाबा, हे झाकन तुमचं का? तुमी इथं बसाचे? गरमी होत असन ना आत?" बाबा गाड्याकडं बघत, डावा हात पुढं करत, ओठ जमवत. जमवत जमवत चेहरा लाल व्हायचा, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि मग, "चलो." माझं नाव त्या चलोच्या पलीकडं कुठंतरी उभं आहे असं मला वाटायचं. मला दुसरं काही नको होतं. एकदा सुन्या बे म्हणावं, मग बाकी काही न बोलले तरी चाललं असतं.

पट्टे चढवले त्या दिवशी तर आता आलंच असं वाटलं. रणगाड्याच्या चाकांवरून फिरणारे दोन पट्टे रबराचे होते, टोकं जोडून चाकांवर ताणून बसवायचे. मी ते बसवले आणि गाडा बाबांसमोर धरला. बाबा एकदम ताठ झाले. "चलो," म्हणाले. मग "चलो, चलो, चलो," आणि डाव्या हाताचं बोट पट्ट्यावर ठेवून मागून पुढं ओढायला लागले, पुन्हा पुढून मागं. डोळे मोठे झाले होते. मी आईला हाक मारली.

"आई, बाबा काईतरी सांगून राह्यले!"

आई चिकाचे हात घेऊनच धावत आली. "काय पायजे? पानी? पानी देऊ?"

"चलो!"

"मोरीत जाचं का? सुन्या, धर त्याईले."

बाबांनी माझा हात झटकला. पुन्हा ते बोट, पुन्हा पट्टा.

"गार लागून राह्यलं का? कूलर बंद करू?" आईनं कूलर बंद केला. घरात एकदम शांत झालं आणि त्या शांततेत बाबांचं चलो आणखीच केविलवाणं ऐकू यायला लागलं. आईनं पाठ चोळली, पाय चेपले, उशी बदलली. मी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेवटी बाबांनी गाडा बाजूला सारला, भिंतीकडं तोंड फिरवलं आणि तसेच पडून राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी चीकही खाल्ला नाही. आई मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय म्हनत होते रे?" आणि मला काय माहीत. आम्ही दोघं त्यांच्या घरची माणसं, आणि परक्या मुलखात हरवल्यासारखे उभे होतो.

ते काय म्हणत होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, त्यांना जाऊनही बरेच दिवस झाल्यावर. मी पुन्हा ह्या नादाला लागलो होतो. नवशिक्यांच्या चुका सांगणारा कोणाचातरी व्हिडिओ पाहत बसलो होतो, आणि तो म्हणाला की सगळ्यात जास्त लोक पट्टे उलटे चढवतात. पट्ट्यावरच्या नक्षीलाही एक दिशा असते, पुढं जाताना ती ठरावीक बाजूलाच तोंड करून असायला पाहिजे. मी मोबाइल खाली ठेवला. बायको म्हणाली, काय झालं हो? काही नाही म्हटलं. एवढ्या वर्षांनी तिला काय सांगू, की बाबा बोलत होते, अगदी नीट बोलत होते, आणि आम्ही त्यांना मोरीत नेत होतो.

गाडा झाला. उरला रंग. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचं होतं, बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं की पुरा झाला की घेऊन या. पेंटरकाकांकडून हिरवा तेलरंग आणला आणि सकाळीच दिला. तर तो वाळेना. वाळेल कसा? समोर कूलर ओल्या हवेचे लोट सोडत बसलेला. बोट लावलं की ठसा, त्यावर रस्त्यावरून उडणारी धूळ चिकटलेली. दुपारी जेवतानाही मी कटकट करत होतो. "रंग वाळूनच नाई राह्यला. उद्या ओला गाडा घेऊन जाऊ काय?" आईनं ऐकलं. रसाची वाटी माझ्या ताटात रिकामी केली. मी ट्यूशनला गेलो.

आमच्याकडं उन्हाळ्यात जे काही ओलं असतं ते गच्चीवर जातं, ह्यात विचार करण्यासारखं काही नसतं. कुरडया, सरगुंडे, मिरच्या, गाद्या, धुतलेले गहू, नातवाची पाटी भिजली तर पाटीसुद्धा. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हापुढं ओलं टिकत नाही, एवढं प्रत्येक बाईला माहीत असतं. आईनं तेच केलं. कुरडयांचं सूप घेऊन वर गेली आणि दुसऱ्या हातात गाडा. धूळ बसू नये, कावळ्यानं चोच मारू नये म्हणून तिनं तो मिरच्या वाळवायच्या पत्र्यावर ठेवला आणि वर पाहुण्यांसाठी जपलेला काचेचा मोठा वाडगा उपडा घातला, लिंबाचं लोणचं उन्हात काचेत ठेवतात तसं. माझ्या कामासाठी तिनं घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढली होती.

मी परत आलो तर चौरंग रिकामा. जिना धावतच चढलो. आई पत्र्यापाशी बसली होती. वाडगा बाजूला काढलेला आणि गाडा तिच्यासमोर. रंग वाळला होता, खडखडीत वाळला होता. पण काचेखालच्या उन्हानं प्लास्टिक मऊ पडून टोप एका अंगावर बसला होता, मागची कड वर उचलली होती, आणि ती लांब नळी, जी मी तासून तासून सरळ केली होती, ती पार खाली वाकून जमिनीला लागायला आली होती.

"मी तं वाळाले ठेवलं होतं रे," आई म्हणाली. "तुले उशीर होत होता म्हनून."

मी नळी वर उचलायला गेलो. ती थंड होत आली होती, ताठरली होती. अजून जोर लावला असता तर तुटली असती. मी आईवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, ओरडायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तिच्यावर ओरडलो. मग तिथंच तापलेल्या गच्चीवर बसलो. महिने संपत आले होते हे मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. आता अकोल्याला काय नेणार, बाईंना काय दाखवणार, बाबांसमोर काय ठेवणार? आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दुसरा नाई भेटत का रे मामाच्या दुकानात?" मी म्हटलं, "नाई भेटत."

खालून बाबांची हाक आली, "चलो." आमचा गोंधळ त्यांनी ऐकला असणार. आईनं वाळलेल्या कुरडया सुपात भरल्या, कारण त्या तिथं सोडून कशा येणार, आणि गाडाही त्यांच्यावरच ठेवला. जिना उतरताना म्हणाली, "लपून ठेवू का?" लपवायला आमच्याकडं दोनच खोल्या होत्या.

ती समोरच्या खोलीत शिरली आणि दिवाणासमोर उभी राहिली, सूप हातात, मान खाली. बाबांची नजर सुपावर गेली. तो वाकडा टोप, ती खाली गेलेली नळी. मी दाराशी उभा राहून वाट पाहत होतो की आता ते रागावतील किंवा भिंतीकडं वळतील. ते वळले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं दिवाणाची कड धरली आणि पाठ सरळ केली. मग तोच हात उजव्या हाताकडं नेला, मनगट धरलं आणि वर उचलायला लागले. हात छातीपर्यंत आला आणि घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. ओठ थरथरत होते.

"हात दुखून राह्यला का बाबा?" मी पुढं झालो. "आई, तेलाची बाटली आन."

आई जागची हलली नाही. ती बाबांकडं पाहत होती, मग गाड्याकडं, मग पुन्हा बाबांकडं. "दुखत नाई," ती म्हणाली. "सलामी होय ते."

"काय?"

"फौजेच्या क्वार्टरात राहत होतो तवा परेड पाह्यली मी. मोठ्या साहेबासमोरून जातानी गाडे असीच नळी खाली घेतेत. सलामी देतेत रे ते. अन् त्याईले परत कराची हाये."

तिनं सूप जमिनीवर ठेवलं. बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. पदराला हात पुसले, त्यांचा तो मेलेला हात कोपरापासून उचलला, आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली आणि कपाळाशी नेऊन धरली. बाबांची हनुवटी वर आली. समोर त्या कुरडयांच्या ढिगावर वाकडा गाडा, आणि हा माणूस त्याच्याकडं पापणी न हलवता पाहत होता. आईचा हात भरून आला असेल, पण तिनं सोडला नाही.

आणि मी? मी बावळट त्या हाताकडं पाहतच नव्हतो. मी त्यांच्या ओठांकडं पाहत होतो, आता नाव घेतील, आता घेतील म्हणून. त्यांनी घेतलं नाही. पुढंही कधी घेतलं नाही.